शिंगं मोजा, मग नाव द्या

"काका, तुम्हाला यातलं कळतं असं आईनं सांगितलं," म्हणत आमच्या सोसायटीतला एक मुलगा गेल्या पावसाळ्यात एक फ्रेम घेऊन घरी आला. फ्रेममध्ये त्याच्या पणजोबांचा फोटो होता. पणजोबा मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत खलाशी होते. फोटोत पांढऱ्या गणवेशातले तिघे जण उभे होते आणि त्यांच्या पुढ्यात एक मोठा काळा लोखंडी गोळा होता. पणजोबांनी त्यावर तळहात टेकवला होता, गोठ्यातल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मुलाला तीन गोष्टी हव्या होत्या. हा सुरुंग कुठल्या बनावटीचा, तो कोणी पेरला होता, आणि फोटो काढला तेव्हा तो जिवंत होता का.

मी फ्रेम खिडकीपाशी उजेडात नेली आणि मन खट्टू झालं. चौकटीत बसावा म्हणून कोणी तरी फोटोची खालची कड कात्रीने उडवली होती. तिघांचे पाय घोट्यांशी संपत होते, आणि सुरुंगाचा तळ जिथे दिसायला हवा तिथे फ्रेमची सोनेरी पट्टी सुरू होत होती. "खाली नुसती जमीन होती म्हणे," मुलगा म्हणाला, "म्हणून आजोबांनी कापली."

मी आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डावर जहाजांचे आराखडे काढले. निवृत्त झाल्यापासून जुन्या युद्धांतल्या फोटोंमधले सागरी सुरुंग ओळखणं हे माझं रोजचं काम झालं आहे. टेबलावर भिंग, पट्टी, कर्कटक आणि वही असते. एका फोटोला कधी तासभर लागतो, कधी महिना. या कामात वाटेत येणाऱ्या काही गोष्टींबद्दल माझ्या तक्रारी आहेत. एकेक सुटी घेतली तर प्रत्येक किरकोळ आहे. पण सुरुंगाचं नाव चुकलं की तो कोणी बनवला हे चुकतं, मग तो कोणी पेरला हे चुकतं, आणि शेवटी त्यावर कोणतं जहाज गेलं आणि त्यातली माणसं कोणामुळे बुडाली याचा हिशेबच चुकतो. म्हणून या तक्रारी मी मनापासून मांडतो आहे.

पहिली तक्रार शब्दाची. मराठीत 'सुरुंग' हा नेमका शब्द आहे. जमिनीतला तो भूसुरुंग, पाण्यातला तो पाणसुरुंग किंवा सागरी सुरुंग. गडाच्या बुरुजाखाली भोक पाडून दारू ठासायची, त्या कामापासून हा शब्द आपल्याकडे चालत आला आहे. असं असताना हल्ली परदेशी संग्रहातले फोटो मराठीत येतात तेव्हा खाली छापलेलं असतं, 'ब्रिटिश नौदलाची खाण, १९४०'. इंग्रजीत खाणीला आणि सुरुंगाला एकच शब्द आहे, आणि यंत्राने भाषांतर करताना पहिला सापडला तो अर्थ उचलला. यंत्राची चूक मी समजू शकतो. पण त्यानंतर एक माणूस ते वाचतो, समोर फोटोत शिंगांचा लोखंडी गोळा दिसत असतो, आणि तो माणूस 'खाण' हा शब्द तसाच छापायला पाठवतो. फोटो आणि ओळ यांच्यामधलं वीतभर अंतर डोळ्यांनी पार करायला किती वेळ लागतो?

याच्याच पोटात आणखी दोन चुका आहेत. अमेरिकेच्या यादवी युद्धात, ५ ऑगस्ट १८६४ रोजी, मोबील बेच्या लढाईत 'टेकमसे' ही चिलखती युद्धनौका 'टॉर्पेडो' लागून काही मिनिटांत बुडाली, असं आपण वाचतो. त्या काळी पाण्यात रोवून ठेवलेल्या सुरुंगालाच टॉर्पेडो म्हणत. स्वतः पाणी कापत जाणारा टॉर्पेडो तेव्हा वापरात आलेलाच नव्हता. मराठीत लिहिताना एवढी एक ओळ जोडली तर वाचकाची वाट चुकत नाही. दुसरी चूक लंडनची. १९४० मध्ये जर्मन विमानांनी शहरावर पॅराशूटने मोठमोठे लांबट सुरुंग सोडले. लोक त्यांना 'लँड माइन' म्हणू लागले, म्हणून आपल्याकडे सरसकट 'भूसुरुंग' छापलं जातं. ते मुळात समुद्राच्या तळाशी टाकायचे सुरुंग होते, जमिनीवर पडले की फुटतील अशी सोय करून शहरावर सोडलेले. फोटोत एखाद्या घराच्या पडवीत अडकलेलं हिरवट पॅराशूटचं कापड आणि दोरखंड दिसतो, आणि खाली 'भूसुरुंग' हा शब्द. वाचणाऱ्याला वाटतं कोणी तरी येऊन जमिनीत पुरला होता.

दुसरी तक्रार चित्रांची. व्यंगचित्रांत, मुलांच्या पुस्तकांत, सिनेमांत सागरी सुरुंग म्हणजे चहूबाजूंनी सारख्या काट्यांचा गोळा, धोत्र्याचं बोंड वाटावं असा. लहानपणापासून तेच चित्र डोळ्यांत बसल्यामुळे खरा सुरुंग समोर आला की लोकांना तो ओळखू येत नाही. "याला काटे कमी आहेत, हा बोया असेल," असं मला किती जणांनी सांगितलं असेल. काटे नव्हेत ती, शिंगं आहेत, आणि ती शोभेसाठी नसतात. शिंग जहाजाच्या अंगाला लागावं एवढ्यासाठी ते ठरावीक जागीच बसवतात. बहुतेक सुरुंगांत ती वरच्या अर्ध्या भागावर असतात, कारण जहाज वरून येतं.

त्या शिंगाच्या आत काय असतं ते एकदा पाहिलं की कोणी त्याला काटा म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत हे शिंग निघालं आणि हर्ट्झ शिंग या नावाने जगभर गेलं. बाहेरून मऊ शिशाची टोपी. आत काचेची बारीक नळी, नळीत आम्लाचा द्राव. जहाज घासलं की शिसं वाकतं, काच फुटते, द्राव खाली ठेवलेल्या जस्त आणि कार्बनच्या पट्ट्यांवर ओघळतो आणि त्या क्षणी तिथे विजेचा घट तयार होतो. त्या विजेने डेटोनेटर उडतो. म्हणजे सुरुंगात आधीपासून वीज साठवलेलीच नसते. वर्षानुवर्षं पाण्यात पडून राहिला तरी घट जुना होत नाही, कारण घट जन्माला यायचाच असतो. पहिल्या महायुद्धातले सुरुंग शंभर वर्षांनीही मच्छीमारांच्या जाळ्यात घातक ठरू शकतात, त्याचं हे एक कारण आहे. दुसऱ्या प्रकारच्या शिंगात द्राव नसतो. ते वाकलं की आतली कळ दाबली जाते आणि सुरुंगाच्या पोटातली बॅटरी काम करते. दोन्ही शिंगांची ठेवण वेगळी, आणि भिंगाखाली चांगला फोटो असेल तर तो फरक दिसतो.

शिंगं मोजणं हे या कामातलं पहिलं अक्षर. रशियाचा १९०८ च्या आराखड्याचा एम-०८ म्हणजे पाच शिंगं. जर्मनीचा दुसऱ्या महायुद्धातला ईएमसी म्हणजे सात. ब्रिटिशांचा मार्क १७ म्हणजे अकरा. फोटोत एकच बाजू दिसते, म्हणून दिसणारी शिंगं मोजायची, त्यांच्यामधलं अंतर मापायचं आणि मागे किती असतील याचा अंदाज बांधायचा. ज्या सुरुंगाला एकही शिंग नाही, त्याला बोया म्हणून फेकून द्यायचं नसतं. १९१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने ऑर्कनी बेटांपासून नॉर्वेपर्यंत उत्तर समुद्रात ७० हजारांहून जास्त सुरुंगांची भिंत उभी केली. त्यातल्या ५६ हजारांहून जास्त अमेरिकन सुरुंगांची करामत शिंगांत नव्हती, तांब्याच्या लांब तारेत होती. तार वर पाण्यात उभी राहायची. पाणबुडीचा पोलादी पत्रा तारेला लागला की खाऱ्या पाण्यात तांबं आणि पोलाद यांच्यामध्ये वीज वाहायची आणि सुरुंग फुटायचा. या सुरुंगाचा फोटो म्हणजे ८६ सेंटिमीटर व्यासाचा गुळगुळीत गोळा. किती तरी ठिकाणी तो आजही 'बोया' या नावाखाली पडून आहे.

उलटाही प्रकार होतो. जहाजाच्या मागच्या टोकाला रचलेली पिंपं दिसली की 'सुरुंग' लिहिलं जातं. ती पिंपं म्हणजे डेप्थ चार्ज. पाणबुडी खाली आहे असं वाटलं की ती ढकलायची, ठरलेल्या खोलीवर ती फुटतात. सुरुंग वाट पाहतो, डेप्थ चार्ज पाठलाग करतो. कामच वेगळं. आणि पंखांचं, माशासारखं निमुळतं असं जे डेकवर टांगलेलं दिसतं, ते पॅरावेन. ते सुरुंगाची दोरी कापून जहाज वाचवण्यासाठी असतं. वाचवणाऱ्याला मारणारा म्हणून छापलेलं मला बघवत नाही.

तिसरी तक्रार फोटो काढून घेणाऱ्या माणसांची, आणि तीही रागाने करत नाही. वाहत किनाऱ्याला लागलेला सुरुंग निकामी केला की पोरंसोरं, सैनिक, गावकरी त्याच्याभोवती जमतात आणि फोटो निघतो. एक जण त्यावर घोड्यासारखा बसतो. दुसरा शिंगाला टोपी अडकवतो. तिसरा मिठी मारून उभा राहतो. त्यामुळे नेमकी शिंगं झाकली जातात. पण याच माणसांचे माझ्यावर उपकारही आहेत. ती उभी असतात म्हणून माप मिळतं. खलाशाच्या टोपीचा व्यास, कमरेची उंची, बुटाची लांबी यांवरून गोळ्याचा व्यास काढता येतो. माणूस शेजारी उभा असेल तर सुरुंग अर्ध्या मीटरचा की मीटरभराचा हे कळतं, आणि तेवढ्यावरून निम्म्या शक्यता गळून पडतात. संपादक मात्र पान भरावं म्हणून नुसता गोळा मोठा करून छापतात आणि माणूस कापतात. पट्टी फेकून दिल्यावर माप कशावरून घ्यायचं?

चौथी तक्रार सगळ्यांत जुनी आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी. ती खालची कड कापण्याची. लोकांना वाटतं, सुरुंग म्हणजे गोळा, खाली जे आहे तो गाडा. तो गाडा म्हणजे नांगर, आणि सुरुंगाची अर्धी ओळख त्या नांगरात असते.

एक गोष्ट समजून घ्यायला हवी. सुरुंग तरंगत नसतो, पाण्याखाली ठरलेल्या अंतरावर दोरीने बांधलेला असतो. समुद्राची खोली मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी. मग रात्री, घाईत, चालत्या जहाजावरून एकामागून एक ढकलताना प्रत्येक सुरुंग बरोबर तीन-चार मीटर खाली कसा थांबणार? एक उपाय असा होता. नांगराला एक वजन लहान दोरीवर लटकवलेलं असतं, आणि या दोरीची लांबी म्हणजे सुरुंग जेवढा खाली हवा तेवढी. पाण्यात पडल्यावर गोळा वर तरंगतो, नांगर बुडत जातो आणि त्याच्या रिळावरून मुख्य दोर सुटत जातो. नांगराच्या खाली लटकणारं वजन आधी तळाला टेकतं. ते टेकलं की ओढ संपते आणि रिळाला खीळ बसते. दोर सुटायचा थांबतो, पण नांगराला अजून तळापर्यंत जायचं असतं. तो खाली जाताना गोळ्याला बरोबर तेवढंच खाली ओढून घेतो. खोली दहा मीटर असो की शंभर, गोळा पृष्ठभागाखाली सारख्याच अंतरावर राहतो. वीज अजिबात न वापरता, नुसत्या वजनाने आणि दोरीने साधलेलं हे गणित आहे.

जर्मनांची रीत उलटी. गोळा आणि नांगर एकत्रच तळाशी जातात. मधली विरघळणारी गुटी पाण्यात विरघळली की गोळा सुटतो आणि वर येऊ लागतो, आणि पाण्याच्या दाबावर चालणारी कळ ठरलेल्या खोलीवर दोर धरून ठेवते. गुटी विरघळेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात पेरणारं जहाज दूर निघून जातं. म्हणजे नांगराला वजन लटकवायची जागा आहे की नाही, रीळ कुठे आहे, चाकं किती आहेत, एवढं दिसलं तरी सुरुंग कोणत्या देशाच्या डोक्यातून निघाला हे बरंचसं सांगता येतं.

तळाला आणखी एक गोष्ट असते. १९०७ च्या हेग करारात ठरलं होतं की नांगराला बांधलेला सुरुंग दोर तुटून सुटला की आपोआप निरुपद्रवी झाला पाहिजे. त्यासाठी दोराच्या ओढीवर चालणारी कळ गोळ्याच्या बुडाशी बसवत. दोर ताणलेला असेल तरच सुरुंग जिवंत. ती कळ आहे की नाही, ती आत गेलेली आहे की बाहेर आलेली, यावरून पुष्कळ कळतं. आणि नेमका तोच भाग फोटोतून जातो, कारण तिथे 'नुसती जमीन' असते.

पाचवी तक्रार रंगांची. जुने काळे-पांढरे फोटो रंगवून देणारी सॉफ्टवेअर आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आहेत. सुरुंग गंजाच्या रंगाचा होतो, आकाश निळं होतं, लोकांना आवडतं. पण पहिल्या महायुद्धातल्या बऱ्याच काचेवरच्या फोटोंना लाल रंग कळतच नव्हता. लाल रंग काळा उतरायचा, निळा फिकट. त्यामुळे फोटोतला काळा गोळा खरोखर काळा होता की लाल, हे फोटो सांगू शकत नाही, आणि सॉफ्टवेअर तर मुळीच सांगू शकत नाही. रंगाइतकंच नुकसान 'स्वच्छ' करण्याने होतं. गोळ्याचे दोन अर्धे भाग जिथे जोडलेले असतात तिथे कंगोरा असतो, त्यावर बोल्ट असतात, उचलायच्या कड्या असतात. स्वच्छ केलेल्या फोटोत बोल्ट पुसले जातात. कधी दोन शिंगांचं एक शिंग होतं. मग तोच फोटो फिरत राहतो आणि मूळ फोटो मागे पडतो. ज्याला मी बोल्ट मोजून ओळखलं असतं, तो सुरुंग त्या दिवशी कायमचा निनावी होतो.

सहावी तक्रार घाईने केलेल्या नामकरणाची. ब्रिटनच्या किनाऱ्यावर सुरुंग दिसला की 'जर्मन', आखातात दिसला की 'इराणी'. फोटो बनावट सांगतो, पेरणारा हात सांगत नाही. ८ मार्च १९१५ रोजी तुर्कांच्या 'नुसरत' या जहाजाने डार्डनेल्समध्ये २६ सुरुंग टाकले. दहा दिवसांनी, १८ मार्चला, फ्रान्सची 'बूव्हे' आणि ब्रिटनच्या 'इर्रेझिस्टिबल' आणि 'ओशन' या तीन मोठ्या युद्धनौका त्या पाण्यात बुडाल्या. पेरणारे तुर्क होते, सुरुंग मात्र जर्मन कंपनीच्या बनावटीचे. ऑगस्ट २०१९ मध्ये बाल्टिकमध्ये, फेमार्न बेटाजवळ, जर्मन नौदलाने दुसऱ्या महायुद्धातले ४२ सुरुंग उडवले. ते ब्रिटिश होते.

नाव नेमकं दिलं तर काय साधतं, याचं उदाहरण १९८८ चं. १४ एप्रिलला इराणच्या आखातात अमेरिकेची 'सॅम्युएल बी. रॉबर्ट्स' ही युद्धनौका सुरुंगावर गेली आणि तिच्या पत्र्याला मोठं भगदाड पडलं. सुरुंग १९०८ च्या रशियन आराखड्याच्या जातीचा होता, म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीच्या बुद्धीचा. डायव्हरांनी आसपास शोध घेतला तेव्हा आणखी सुरुंग मिळाले, आणि त्यांच्यावरचे क्रमांक सप्टेंबर १९८७ मध्ये पकडलेल्या 'इराण अज्र' या जहाजावरच्या सुरुंगांच्या क्रमांकांच्या मालिकेत बसले. पेरणारा हात असा हाती लागला. कोणी तरी ते आकडे नीट वाचून, नीट टिपून ठेवले होते म्हणून. गोळ्यावरचा आकडा खरवडून निघाला असेल किंवा फोटोवर मध्येच संग्रहाचा शिक्का मारलेला असेल, तर हे शक्य नाही. शिक्के कोपऱ्यात मारता येतात.

टिपून ठेवणं म्हणजे काय, ते ज्यांना शिकायचं असेल त्यांनी शूबरीनेसची गोष्ट वाचावी. नोव्हेंबर १९३९ मध्ये इंग्लंडच्या बंदरांत जहाजं कशाने बुडताहेत तेच कळत नव्हतं. २२ तारखेच्या रात्री जर्मन विमानाने टाकलेले सुरुंग टेम्स नदीच्या मुखाशी, शूबरीनेसच्या चिखलात पडले. भरती ओसरल्यावर ते उघडे पडले. बिनचुंबकी धातूचं लांब नळकांडं. दुसऱ्या दिवशी लेफ्टनंट कमांडर जॉन ऊव्हरी आणि चीफ पेटी ऑफिसर बाल्डविन ते उघडायला बसले. चुंबकाला न लागणारे पितळी पाने मुद्दाम बनवून घेतले होते. दोन सहकारी दूर थांबले. प्रत्येक पायरी आधी त्यांना सांगायची आणि मगच हात लावायचा, असं ठरलं होतं. सुरुंग फुटला तर कोणत्या पायरीला फुटला एवढं तरी मागच्यांना कळावं, म्हणून. तो फुटला नाही. आत चुंबकसुईची रचना मिळाली. जहाजाच्या लोखंडाने पृथ्वीचं चुंबकक्षेत्र जरासं हललं की ती सुई हलायची. मग जहाजांभोवती तारांची वेटोळी घालून त्यांचं चुंबकत्व मारायचं काम सुरू झालं आणि असंख्य माणसं वाचली. ऊव्हरीने आपला जीव जाण्याची वेळ धरूनही नोंद ठेवायची व्यवस्था केली. आपल्याला फोटोच्या मागे तारीख लिहायची असते, तेवढंच.

हे सगळं लांबच्या समुद्रांतलं आहे, असं वाटत असेल तर तसं नाही. फेब्रुवारी १९१७ मध्ये 'वोल्फ' हे व्यापारी जहाजाच्या वेषातलं जर्मन जहाज केपटाऊन आणि कोलंबोच्या बाहेर सुरुंग टाकून मुंबईच्या दाराशी आलं आणि इथेही सुरुंग पेरून निघून गेलं. चार महिन्यांनी, २३ जून १९१७ रोजी, ऐन पावसाळ्यात, पी अँड ओ कंपनीची 'मंगोलिया' ही प्रवासी बोट मुंबईपासून सुमारे ५० मैलांवर त्यातल्या एका सुरुंगावर जाऊन बुडाली. पेरणारा तोवर पॅसिफिकमध्ये पोहोचला होता. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीकडे सुरुंग काढणाऱ्या जहाजांचा ताफा होता आणि त्यातल्या एका जहाजाचं नाव 'कोकण' होतं. रत्नागिरीची, रायगडची पोरं असल्या जहाजांवर होती. त्यांचे फोटो आपल्याच घरांत आहेत, ट्रंकांत, देव्हाऱ्याशेजारी, कपाटाच्या वरच्या खणात. आणि ते आपण कापतो.

आता त्या फोटोविषयी. मुलाच्या परवानगीने मी फ्रेम उघडली. मागे काही लिहिलेलं असेल अशी आशा होती. मागची बाजू पुठ्ठ्याला फेव्हिकॉलने चिकटवली होती. टोप्यांच्या काळ्या फितीवर 'एचएमआयएस' एवढीच अक्षरं होती, कारण युद्धकाळात जहाजाचं नाव फितीवर घालत नसत. राहिला गोळा. पणजोबांच्या तळव्याची रुंदी धरून व्यास काढला, मीटरच्या आसपास आला. दिसणाऱ्या बाजूला शिंगांच्या सहा जागा होत्या. सहाही जागी शिंग नव्हतं, नुसती पेचाची गोल झाकणं होती. जागांची मांडणी ब्रिटिश बनावटीशी जुळत होती.

"शिंगं काढलेली आहेत का?" त्याने विचारलं.

"काढलेली असतील, नाही तर बसवलेलीच नसतील. शिकवायला रिकामे गोळे वापरत. हा तसा असू शकतो."

"म्हणजे तो जिवंत नव्हता." त्याचा आवाज जरा उतरला.

लोकांना प्रत्येक सुरुंग जिवंत हवा असतो, हे मला माहीत आहे. मी त्याला म्हटलं, "अरे, रिकाम्या गोळ्यावर ज्यांनी हात बसवला, त्यांनाच पुढे भरलेल्याजवळ जाऊ दिलं जायचं. हे झाकण कुठे, कड कुठली, शिंग कुठून धरायचं नाही, हे ज्याला पाठ होतं तो घरी आला. तुझे पणजोबा घरी आले. नांगर दिसला असता तर मी तुला यापेक्षा पक्कं सांगितलं असतं."

"कापलेली पट्टी आता कुठे मिळणार?"

"नाही मिळणार."

मग मी एक पातळ कागद घेतला, आम्ल नसलेला, आणि मऊ शिसपेन्सिलीने त्यावर लिहिलं. 'तीन खलाशी, रॉयल इंडियन नेव्ही. उजवीकडचे रत्नागिरी जिल्ह्यातले, या घरचे पणजोबा. सागरी सुरुंग, बहुधा ब्रिटिश बनावटीचा, शिंगं नाहीत, दिसणाऱ्या बाजूला सहा जागा, व्यास मीटरच्या आसपास. शिकवणीचा असावा. जहाज, ठिकाण आणि तारीख फोटोत नाही. खालची सुमारे दीड इंच पट्टी कापलेली आहे, तिच्यात नांगर असावा.'

शेवटचं वाक्य वाचून तो म्हणाला, "हे कशाला, काका? नसलेल्याचं काय लिहायचं?"

"पुढे कोणी हा फोटो पाहील तेव्हा नांगर दिसत नाही म्हणून सुरुंगाला नांगरच नव्हता असं समजेल. तसं होऊ नये म्हणून."

त्याने तो कागद फोटोच्या मागे ठेवला, चिकटवला नाही, आणि फ्रेम बंद केली.